तालमीतून काढलं म्हणजे निकाल लागला का?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी मुलगी २४ वर्षांची आहे. सातवीपर्यंत डोंबिवलीत, पुढे वडिलांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत. तिथेच नाटकाची पदवी घेतली आणि गेली दोन वर्षं एडिसनहून पहाटेची ट्रेन पकडून ती न्यूयॉर्कला ऑडिशन देत फिरते आहे. यंदा पहिलं मोठं काम मिळालं. ब्रॉडवेवर न्यायच्या इराद्याने बसवलेलं नवं नाटक होतं. आधी दुसऱ्या शहरात काही आठवडे प्रयोग, मग न्यूयॉर्क. तालमीच्या अकराव्या दिवशी निर्मात्यांच्या माणसाने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तिची भूमिका आता टीव्हीवरची एक ओळखीची अभिनेत्री करणार आहे. पाच आठवड्यांनी दुसरीकडून विचारणा आली : एका नाटकाचा सात महिन्यांचा दौरा, दोन भूमिकांची अंडरस्टडी, म्हणजे मूळ नटी येऊ शकली नाही तर तिच्या जागी उभी राहणारी. आठ दिवसांत कळवायचं आहे. वडील म्हणतात, दोन वर्षं दिलीस, आता डेटा अ‍ॅनालिटिक्सचा मास्टर्स कर, फी मी भरतो. आई काहीच म्हणत नाही. मुलगी विचारते : "माझ्यात ते नाहीच, हे कळायला अजून काय व्हायला हवं? सात महिने दुसरीचे संवाद पाठ करून विंगेत बसायचं, यात काय अर्थ आहे? आणि डोंबिवलीची आजी दर रविवारी विचारते, नाटक कधी लागतंय. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही." खाली सही 'विंगेतली'.

प्रिय विंगेतली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. ते तू कंसात टाकलं आहेस, घाईघाईत. दुसऱ्या अंकातला फोनचा प्रसंग बसला तेव्हा दिग्दर्शक म्हणाले होते, "आता याला कुणी हात लावू नका." हे तालमीच्या नवव्या दिवशी. आणि अकराव्या दिवशी तुला काढलं. या दोन दिवसांत तुझा अभिनय बिघडला का? तसं तूही म्हणत नाहीस. मग त्या दोन दिवसांत काय बदललं, हा प्रश्न तू कुणालाच विचारला नाहीस. थेट निकाल लावून मोकळी झालीस, आणि तोही स्वतःविरुद्ध.

त्या नाटकाचे हिशोब मी पाहिलेले नाहीत. पण हा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण तुझ्यासारख्या आणखी मुलींची पत्रं माझ्याकडे येतात आणि त्या सगळ्या हाच घोळ करतात. ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधली ४१ नाट्यगृहं, प्रत्येक निदान ५०० खुर्च्यांचं. तिथलं बहुतेक नाटक खासगी पैशावर उभं राहतं. निर्माता गुंतवणूकदार गोळा करतो, नाट्यगृहाच्या मालकांशी करार करतो आणि पडदा उघडला की दर आठवड्याचा खर्च अंगावर येतो : भाडं, पगार, जाहिरात. तिकीटविक्री ठरलेल्या आकड्याखाली गेली तर मालक नाट्यगृह रिकामं करायला सांगू शकतो. बहुतेक नाटकांचं भांडवल परत येतच नाही. अशा वेळी दिग्दर्शक रंगमंचाकडे बघत असतो आणि निर्माता आगाऊ तिकीटविक्रीकडे. ओळखीचा चेहरा फलकावर लागला की प्रयोग सुरू व्हायच्या आधी तिकिटं जातात. आपल्याकडच्या व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातीत मालिकेतल्या नटीचा फोटो सगळ्यात मोठा का असतो, हे आजीला विचार. ती तुला एका वाक्यात सांगेल.

म्हणून तुझा पहिला प्रश्न मी थोडा फिरवून तुझ्यापुढे ठेवते. 'माझ्यात ते नाही' हे तुला कुणी सांगितलं? निर्मात्याने सांगितलं ते इतकंच की तुझ्या नावावर तिकिटं विकली जात नाहीत. ते खरं आहे. चोवीसाव्या वर्षी फार थोड्यांच्या नावावर विकली जातात.

आता हॉलिवूडची नटी कॅथरीन हेपबर्न हिची सुरुवातीची चार-पाच वर्षं सांगते. पुढे तिला चार ऑस्कर मिळाले, म्हणून ती वर्षं आपल्याला जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात. ती जगत होती तेव्हा तशी अजिबात नव्हती. १९२८ साली ती ब्रिन मॉर कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि बाल्टिमोरच्या एका कंपनीत छोट्या भूमिका करू लागली. त्याच वर्षी 'द बिग पॉन्ड' या नाटकात ती मुख्य नटीची अंडरस्टडी होती. ऐनवेळी त्या नटीला काढलं आणि भूमिका हिच्याकडे आली. न्यूयॉर्कबाहेर पहिला प्रयोग झाला. ही उशिरा पोचली, संवादांची उलटापालट केली आणि इतक्या भरभर बोलली की प्रेक्षकांना शब्द कळेनात. एका प्रयोगात तिचीही गच्छंती. त्यानंतर ब्रॉडवेवर 'दीज डेज' हे नाटक मिळालं, ते आठ प्रयोगांत बंद पडलं. 'डेथ टेक्स अ हॉलिडे'मधून न्यूयॉर्कला येण्याआधीच काढलं. १९३० साली 'आर्ट अँड मिसेस बॉटल'मधून काढलं आणि दुसरी कुणी मिळेना म्हणून परत बोलावलं. पुढच्या वर्षी 'द अ‍ॅनिमल किंग्डम'च्या तालमीतून पुन्हा बाहेर.

अकरा दिवसांचं दुःख मी लहान करत नाही. पण हे वाचताना एक गोष्ट लक्षात घे. 'द बिग पॉन्ड'मधून तिला काढलं त्याला कारण होतं : बोलण्यावर ताबा नव्हता. ती आवाजाच्या शिक्षिकेकडे शिकायला जात होती आणि जातच राहिली. 'आर्ट अँड मिसेस बॉटल'मधून काढलं त्याला मात्र तसं कारण नव्हतं. लेखकाला तिचं दिसणं-वागणं पसंत नव्हतं. म्हणजे एकाच मुलीला दोन वेळा काढलं आणि दोन्हींचा अर्थ निराळा. तुलाही हा फरक करावा लागेल. दिग्दर्शकाला एक छोटी ईमेल कर. तक्रार नको, आर्जव नको. 'अकरा दिवसांत माझ्या कामात काय उणं वाटलं, दोन ओळी सांगाल का?' एवढंच. बरेच जण उत्तर देत नाहीत. दिलं तर त्या दोन ओळी तुला सहा महिने पुरतील, नाही दिलं तर तुझं काही जात नाही.

आता विंगेत बसण्याबद्दल. तुझ्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात जास्त खुपला.

याच हेपबर्नने १९२८च्या शेवटी फिलिप बॅरींच्या 'हॉलिडे' नाटकात होप विल्यम्स या नटीची अंडरस्टडी केली. रोज संध्याकाळी प्लिमथ थिएटरला जायचं आणि होप विल्यम्स ठणठणीत आहे हे पाहायचं. ती संधी जवळजवळ आलीच नाही. पण ती लिंडा नावाची भूमिका हिच्या अंगात मुरली होती. चार वर्षांनी हॉलिवूडवाल्यांनी चाचणी घ्यायची म्हटली तेव्हा हिने प्रवेश निवडला तो 'हॉलिडे'मधलाच. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर यांनी ती फीत पाहिली आणि त्यांच्या मनात राहिला तो एक क्षण : कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकत तिने हातातला ग्लास जमिनीवर ठेवला, तो. त्यावर तिला पहिला चित्रपट मिळाला, 'अ बिल ऑफ डिव्होर्समेंट', १९३२. आणि १९३८ साली 'हॉलिडे'चा चित्रपट झाला त्यात लिंडा तिनेच केली. विंगेत पाठ केलेली भूमिका कधी कुठे कामाला येईल ते सांगता येत नाही.

त्यापेक्षा अलीकडचं हवं असेल तर ब्रॉडवेची नटी सटन फॉस्टर बघ. २००० साली कॅलिफोर्नियात 'थरोली मॉडर्न मिली' बसत होतं तेव्हा ती समूहात होती आणि मुख्य भूमिकेची अंडरस्टडी. ऐनवेळी भूमिका तिच्याकडे आली आणि २००२ साली तिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळाला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तुला दुसऱ्या बाजूची सांगायची आहे. भूमिका जिच्या हातून गेली ती एरिन डिली. पाच वर्षांनी, २००५ मध्ये, 'चिटी चिटी बँग बँग'मधल्या मुख्य भूमिकेसाठी टोनीच्या नामांकनात तिचं नाव होतं. तू सध्या तिच्या जागी उभी आहेस, म्हणून तिची गोष्ट जवळ ठेव.

आणि २०२१चा डिसेंबर आठव. ओमायक्रॉनच्या लाटेत एकामागून एक नट आजारी पडत होते आणि पडदा वर जात होता तो अंडरस्टडी आणि स्विंग, म्हणजे अनेक भूमिका तयार ठेवणाऱ्या, मंडळींच्या जिवावर. 'द म्युझिक मॅन'मध्ये सटन फॉस्टरला कोविड झाला तेव्हा कॅथी व्हॉइट्को ऐनवेळी तिच्या भूमिकेत उभी राहिली आणि प्रयोग संपल्यावर मुख्य नट ह्यू जॅकमननी प्रेक्षकांसमोर तिला पुढे आणून या लोकांचं ऋण मानलं. एकाच माणसाने आठ-दहा जागा डोक्यात ठेवायच्या आणि संध्याकाळी साडेसहाला कळायचं की आज तू अमुक. याला दुय्यम काम कोण म्हणेल?

मीसुद्धा विंगेत बसले आहे. पंचविशीत एका मराठी व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट म्हणून उभी राहिले, तेवीस प्रयोग केले. तालमी दोनच मिळाल्या, त्याही नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत. पहिल्या प्रयोगाला दुसरीच्या मापाचा ब्लाऊज अंगात होता, पाठीला सहा पिनांनी आवळलेला. पहिल्या अंकात वाकायचं होतं आणि माझं सगळं लक्ष त्या पिनांवर. संवाद एकही चुकला नाही, पण समोरचा नट काय बोलतोय ते मला ऐकूच येत नव्हतं. पाचव्या-सहाव्या प्रयोगाला ऐकू यायला लागलं. अभिनय मी त्या दिवशी शिकायला लागले असं मी मानते. निर्मात्याने चार नाईटचे, म्हणजे चार प्रयोगांचे, पैसे बुडवले तेही खरं. म्हणून पुढचं जरा कोरडं वाटेल असं लिहिते, ते मन लावून वाच.

करारावर सही करण्याआधी हे विचार : अंडरस्टडीच्या तालमी किती आणि कोण घेणार? मुख्य नटीच्या ठरलेल्या सुट्ट्यांचे प्रयोग कुणाकडे जातात, तुझ्याकडे की तिसऱ्याच कुणाकडे? उभी राहिलीस त्या प्रयोगाचे जादा पैसे किती? दौऱ्यावर पगाराशिवाय राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो, तो किती? कपडे तुझ्या मापाचे शिवणार का? मधे नोटीस द्यायची तर किती दिवसांची? काम युनियनच्या करारावर असेल तर ते आठवडे आरोग्यविम्याच्या पात्रतेसाठी मोजले जातात, आणि अमेरिकेत ही गोष्ट लाखमोलाची आहे. अ‍ॅक्टर्स इक्विटी ही नटांची युनियन १९१३ साली झाली ती याच कारणांनी. त्याआधी तालमीचे आठवडेच्या आठवडे बिनपगारी असत आणि दौरा बुडाला की नट परगावी अडकून पडत. १९१९ साली त्यांनी संप करून नाट्यगृहं बंद पाडली आणि निर्मात्यांना मान तुकवायला लावली. आता हे प्रश्न विचारणं आगाऊपणाचं वाटून घेऊ नकोस. आणि ज्या नाटकातून तुला काढलं त्याचा करारही पुन्हा काढून वाच, किती दिवसांचे पैसे देणं लागतात ते बघ, युनियनच्या प्रतिनिधीला दाखव. आपल्या मुली इथे भिडेखातर पैसे सोडून देतात.

आता वडिलांकडे येऊ. तू त्यांना पत्रात फार कठोर रंगवलं नाहीस, हे मला आवडलं. ते चूक बोलत नाहीत.

कारण हेपबर्नची गोष्ट मी अर्धीच सांगितली. तिचे वडील हार्टफर्डमधले नावाजलेले डॉक्टर होते आणि १९२८च्या डिसेंबरात तिने लग्न केलं तो नवराही खात्यापित्या घरचा. इतक्या वेळा काढलं तरी तिच्या ताटातली पोळी कुणी काढून घेत नव्हतं. तिच्याच वयाची आणखी एक मुलगी बघ. हेपबर्न १९०७च्या मे महिन्यातली, ही त्याच वर्षाच्या जुलैमधली. ब्रुकलिनची रुबी स्टीव्हन्स. चार वर्षांची असताना आई गेली, वडील घर सोडून गेले, बालपण या घरून त्या घरी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती नाइटक्लबात कोरसमध्ये नाचायला लागली, कारण दर आठवड्याला पैसे हवे होते. १९२६ साली 'द नूस' नावाच्या नाटकात तिला कोरस गर्लचीच छोटी भूमिका मिळाली. न्यूयॉर्कबाहेरच्या प्रयोगांत नाटक पडलं. तेव्हा नाटककार विलार्ड मॅक यांनी ते पुन्हा लिहिलं आणि फाशी जाणाऱ्या तरुणाचं प्रेत मागायला येण्याचा प्रसंग एका श्रीमंत मुलीकडून काढून या नाचणाऱ्या पोरीला दिला. ब्रॉडवेवर 'द नूस'चे १९७ प्रयोग झाले. नावही तेव्हाच बदललं, बार्बरा स्टॅनविक, पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेली. पुढच्या वर्षी 'बर्लेस्क'मध्ये मुख्य भूमिका, ३७२ प्रयोग.

म्हणजे तुझ्यासारखाच प्रकार, फक्त उलट्या दिशेने. शहराबाहेर प्रयोग चालू असताना नाटक बदलतं आणि कुणाचा तरी प्रसंग कुणाकडे तरी जातो. रुबीला तो मिळाला तेव्हा तो दुसऱ्या एका नटीच्या हातून गेला होता.

या दोघींपैकी तू कुठे बसतेस? तू आईवडिलांच्या घरी राहतेस, भाडं भरत नाहीस, सकाळी कॅफेत काम करून ट्रेनचा पास काढतेस. म्हणजे तुझ्या दोन वर्षांच्या ऑडिशनांचा अर्धा खर्च वडिलांनी उचलला आहे, गाजावाजा न करता. आधी त्यांना हे बोलून दाखव. मग कागद घेऊन बस : सात महिन्यांचा पगार, भत्ता, विम्याचे आठवडे, दौरा संपल्यावर हातात किती उरेल. मास्टर्सचं विद्यापीठ प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतं का, तेही ईमेल करून विचार. 'दोन वर्षं' हा आकडा वडिलांनी कुठून आणला, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण मर्यादा हवी हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. ती वर्षांत ठेवू नकोस. दौऱ्यानंतरच्या बारा महिन्यांत पगारी कामाचे किती आठवडे मिळाले, ओळखीच्या कास्टिंगवाल्यांनी आपणहून किती वेळा बोलावलं, हे मोज. हे आकडे वाढत नसतील तर वडिलांशी पुन्हा बोलायला बस, आणि तेव्हा खुल्या मनाने बस. नाटक सोडून शिकायला गेलेल्या मुलींना मी हरलेल्या मानत नाही.

एक गोष्ट तू ओझरती लिहिली आहेस : ऑडिशनला बहुतेक वेळा 'भारतीय डॉक्टर' किंवा 'शेजारची भारतीय मुलगी' एवढंच हाती लागतं. २००४ साली 'बॉम्बे ड्रीम्स' हे बॉलिवूडवरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा इथल्या कितीतरी देशी मुलामुलींना वाटलं, आता दार उघडलं. २८४ प्रयोगांनंतर १ जानेवारी २००५ला ते बंद झालं आणि तशा नाटकांची रांग काही लागली नाही. आपल्या लोकांच्या नाटकाची वाट बघत बसू नकोस. दौऱ्यातल्या तुझ्या दोन्ही भूमिका भारतीय नाहीत असं तू लिहिलंस, आणि मला ही विचारणा आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे.

दौऱ्यावर जायच्या आधी न्यूयॉर्कमध्ये एक काम कर. लिंकन सेंटरजवळच्या सार्वजनिक वाचनालयात ब्रॉडवेच्या नाटकांच्या चित्रफितींचा संग्रह आहे, १९७०पासूनचा. नाट्यव्यावसायिकांना आधी वेळ ठरवून तिथे बसून त्या फुकट बघता येतात. ज्या भूमिकांवर तुझा जीव आहे त्यांचे प्रयोग बघ, वही घेऊन. आणि पैशाची किंवा मनाची फारच ओढाताण झाली तर एंटरटेनमेंट कम्युनिटी फंड आहे. १८८२पासूनची ही संस्था नटांना अडीअडचणीला मदतही करते आणि जोडधंद्याचा सल्लाही देते. हे इतर वाचकांनीही टिपून ठेवा.

तर माझं मत : वरच्या प्रश्नांची उत्तरं ठीक आली तर दौरा घे. आईला एकटीला गाठून विचार, तिला काय वाटतं. ती गप्प आहे म्हणजे तिला मत नाही असं धरून चालू नकोस.

राहिली आजी. तू लिहिलंस की डोंबिवलीत ती तुला मांडीवर घेऊन नाटकं बघायची आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना नटांची नावं सांगायची. अशी बाई तालमीतून काढलं म्हटल्यावर कोसळेल असं तुला का वाटतं? रिप्लेसमेंट म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही. या रविवारी तिने विचारलं, नाटक कधी लागतंय, की सरळ सांग : ते गेलं आजी, भूमिका दुसरीला दिली. आता दुसरं लागतंय, त्यात दोन भूमिका पाठ करून मी विंगेत उभी असणार आहे. मग त्या दोघी बायका कोण, कशा बोलतात, काय करतात, ते तिला सांगायला लाग. फोन लांबेल. लांबू दे.